चौथं कलम

बॅग दीड किलोनं जास्त भरली. आईनं स्वेटर बाहेर काढला आणि वहीत लिहिलं, ‘स्वेटर काढला. मुलीच्या सांगण्यावरून. सकाळी ७.४०.’

“म्हणजे तिकडे गारठलीस की माझ्या नावानं बोटं मोडायला मोकळी,” मुलगी म्हणाली.

“सवय आहे गं.”

तीस वर्षांची नर्सची सवय. डॉक्टरांनी फोनवरून इंजेक्शन सांगितलं, की कोणी सांगितलं, किती वाजता सांगितलं ते लिहायचं आणि खाली पट्टीनं रेघ मारून ठेवायची. डॉक्टर आले की त्या रेघेवर सही करायचे. सही झाली नाही, तर जबाबदारी नर्सची.

स्वेटर निघाला. वॉर्डातल्या जुन्या मैत्रिणीनं तिकडे राहणाऱ्या आपल्या मुलासाठी दिलेला औषधांचा डबा मात्र बॅगेतच राहिला.

“तू काय कुरिअर आहेस?”

“आजारी आहे गं तिचा मुलगा. नाही कसं म्हणायचं?”

मुलीला ऑफिसला उशीर होत होता. तिनं बॅगेची चेन ओढली.

परदेशात भाचीच्या बाळंतपणाला निघालेली आई तिथल्या विमानतळावर पकडली गेली. डब्यात औषध नव्हतं, अमली पदार्थ होते. मैत्रिणीचा फोन त्या दिवसापासून बंद. शिक्षा बावीस वर्षं. नर्सला कळायला हवं होतं, असं निकालात लिहिलं होतं.

पुढची पाच वर्षं मुलीनं परराष्ट्र खात्याच्या तिसऱ्या मजल्यावर, एक पाय डुगडुगणाऱ्या खुर्चीत काढली. फाईल वर गेली आहे. फाईल खाली आली आहे. शेवटी त्या देशाचे अध्यक्ष भेटीला येणार असं ठरलं आणि माफीसाठी पाच कैद्यांची यादी निघाली. त्यात आई होती. फक्त तिचा अर्ज हवा होता.

तो तीनदा आला. तीनही वेळा चौथं कलम पट्टीनं सरळ खोडलेलं: ‘मी हा गुन्हा केला असून मला त्याचा पश्चात्ताप होत आहे.’

“अहो मॅडम, दयेचा अर्ज निर्दोष माणसाला करता येत नाही,” अधिकाऱ्यानं कपाळाला हात लावला. “राजदूतांनी तिथे जाऊन हातापाया पडायचं आणि तुमच्या आईंनी तुरुंगात पट्टी घेऊन बसायचं. शुक्रवारी यादी बंद होतेय.”

तुरुंगातून महिन्याला एकच फोन यायचा, दहा मिनिटांचा. तो बुधवारी आला.

“न केलेलं केलं म्हणून लिहू?” आई म्हणाली.

“आई, एक सही आहे फक्त.”

“तुला काय वाटतं? मी केलं?”

हे ती दर वेळी विचारायची. मुलगीही दर वेळी तेच म्हणायची, “मला काय वाटतं ते कोण विचारतंय? तू घरी ये.” या वेळी मात्र तिचा तोल गेला. “मी सांगते म्हणून लिही. झालं?”



“तू सांगतेस?”

“हो, मी सांगते.”

“बरं. किती वाजले तुझ्याकडे?”

“पाच वीस. आता वेळेचं काय मध्येच?”

आईनं सही केली. अर्ज गेला. पाहुणे यायला नऊ दिवस उरले असताना आई तुरुंगाच्या दवाखान्यात झोपेतच गेली.

महिन्याभरानं अधिकाऱ्यानं मुलीला बोलावून घेतलं. कागद पुढे करताना तो उभा राहिला. वर शिक्का होता: अर्जदार हयात नसल्याने परत.

“चौथ्या कलमाखाली काय लिहिलंय हे? त्यांच्या भाषांतरकारानं प्रश्नचिन्ह टाकलंय.”

मुलीनं वाचलं. ‘फोनवरच्या सांगण्यावरून. सांगणारी: मुलगी. सायंकाळी ५.२०.’ खाली पट्टीनं मारलेली रेघ. रेघेवर काही नव्हतं.

अधिकाऱ्यानं पोचपावतीसाठी पेन दिलं. तिनं ते घेतलं आणि त्या रेघेवर सही केली.

“मॅडम, तिथे नाही. तो मूळ अर्ज आहे.”

तिनं मान वर केली नाही.

“तू केलं नव्हतंस, आई,” ती कागदाकडे बघत मोठ्यानं म्हणाली. “मला एकदाही तसं वाटलं नाही.”