वारंग्याच्या भंगारातली शेवरलेट

मोटरसायकल भंगाराच्या फाटकाशी उभी करेपर्यंत भारतचा मनातल्या मनात एकच धावा चालला होता: कापून झालेली असू दे. दोन दिवसांत कापतो, असं मुन्ना भंगारवाल्याने सांगितलं होतं आणि त्याला आता तीन आठवडे होत आले होते. पण फाटक ओलांडलं आणि गाडी समोरच दिसली. चाकं गेली होती, दिवे गेले होते, नंबराची पाटी गेली होती. बाकी शेवरलेट जशीच्या तशी, विटांच्या चार ढिगांवर ऐसपैस बसलेली.

मागच्या सीटवरून त्याचे वडील, संतराम आबा, सावकाश उतरले. डोळ्यांवर काळा चष्मा होता. मोतीबिंदू काढायला ते नांदेडला गेले आणि लेकीकडे, साधनाकडे, पंधरा दिवस राहिले. तेवढ्यात भारतने गाडी मुन्नाला विकून शेड मोकळी केली. नवा कोरा ट्रॅक्टर उन्हात किती दिवस ठेवायचा? आठ वर्षं एका जागी उभी असलेली अमेरिकन गाडी, तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. घरात त्याने सगळ्यांना गप्प बसवलं. आबा परत आले तेव्हा ‘गाडी नांदेडला मिस्तरीकडं दिली’ असं तो बोलून गेला, आणि वर ‘पार्ट भेटंना’ हेही त्यानेच चिकटवलं. बापाने ते असं मनावर घेतलं की कळमनुरीच्या बाजारात भेटेल त्याला ते पार्ट विचारत सुटले. कुणीतरी सांगितलं, वारंगा फाट्याला भंगारात तशीच एक गाडी आली आहे.

“बराबर आपल्यासारखी हाय,” आबा म्हणाले. “चाल, काय काय निघतंय बघू. दसऱ्याच्या आत आपली चालू झाली पाह्यजे.”

मुन्ना फडक्याने हात पुसत पुढे आला. भारतला पाहून त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात भारतने आबांच्या पाठीमागून ‘नको’ म्हणून मान हलवली. मुन्ना धंद्यात मुरलेला माणूस. त्याने लगेच मोहरा वळवला.

“आओ काका. क्या होना?”

“ही कुणाची हाय?”

“है एक गाँव की,” मुन्ना जमिनीकडे बघत म्हणाला. “मैं तो अभी तक काट्याच नहीं, काका. दो बार कटर लेके आया. जी नहीं हुआ.”

भंगारवाल्याला जे जड गेलं ते आपल्याला कसं गेलं नाही, असं भारतला वाटलं. आणि पाठोपाठ वाटलं, या माणसाने सांगितल्या दिवशी कापली असती तर किती बरं झालं असतं. या दुसऱ्या विचाराची त्याला जास्त लाज वाटली.

आबा गाडीभोवती फिरू लागले. मडगार्डवरची धूळ त्यांनी धोतराच्या सोग्याने पुसली. मागे आल्यावर डिकीवर हात ठेवून ते मुन्नाला सांगू लागले, “आमच्या गाडीचा एक रिवाज हाय बघा. गावातली पोरगी सासरी निघाली की आमच्याच गाडीतून. तिचं सामान डिकीत ठेवलं का डिकीच्या झाकणाला आतून ती हळदीची बोटं लावती. तेलात कालवलेली हळद. वरून लावली तर पावसानं जाती.”

“कितने लोगाँ लगाए, काका?”

“एकोणतीस. शेवटची आमची साधना.”

 साधनाच्या लग्नात ती हळदीची वाटी भारतनेच तर धरली होती. तेल सांडलं म्हणून बहिणीने रडता रडता त्याच्या डोक्यात टपली मारली होती. हे सगळं आपण कसं विसरलो, हे त्याचं त्यालाच कळेना.

“आबा, उशीर हून राहिला. चला.”

“काहून? आत्ता तर आलो.”

आबांनी बंडीच्या आतल्या खिशात हात घातला आणि काळ्या दोऱ्यात ओवलेली किल्ली बाहेर काढली. भारत बघतच राहिला. ट्रॅक्टरला साखळी बांधून गाडी इथवर ओढत आणताना किल्लीची आठवण त्याला एकदाही झाली नव्हती.

किल्ली कुलपात गेली आणि फिरली. झाकण कुरकुरत वर आलं. आतल्या पत्र्यावर पिवळी बोटं होती, पाच पाच, ओळीने. काही विटलेली, काही अजून ठसठशीत. आबांनी काळा चष्मा काढला. नव्या डोळ्यांनी ते एकेक ओळ बघत गेले आणि शेवटच्या पाच बोटांपाशी थांबले. तिथे तेलाचा एक ओघळ खाली आलेला होता.

मुन्ना दोन पावलं मागे सरला.

“आबा,” भारत कसाबसा म्हणाला, “चुकलं माझं. तुमी मला काय बी बोला. पण बोला.”

आबांनी झाकण अलगद खाली केलं, कुलूप लावलं आणि किल्ली भारतच्या हातावर ठेवली. ती अजून त्यांच्या अंगाने कोमट होती.

“वस्तू इकली की किल्ली संग द्यावी लागती,” ते म्हणाले. आवाज नेहमीचाच होता. “दे त्याला.”

भारतने किल्ली पुढे केली. मुन्नाने आपले दोन्ही हात पाठीमागे घेतले.