शनिवारची नाडी

घरात हापूसच्या अढ्या लागल्या होत्या आणि वासंतीच्या ताटात नाचणीची भाकरी होती.

"रस घेतला नाहीस ना?" चिंतामणीने स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं. "पुस्तकात स्पष्ट लिहिलंय. साखर, तूप, ओलं खोबरं, सगळं बंद."

"इकडून सांगणं झालं तेव्हापासून बोटसुद्धा लावलं नाही," वासंती म्हणाली.

सासूबाई चुलीपाशी होत्या. "आठ वर्षं झाली हो," त्या चुलीलाच सांगितल्यासारख्या म्हणाल्या. "पाळणा काही हलला नाही. ही चालली की जमीन तेवढी हलते."

वासंती केळशीची. तेराव्या वर्षी दामल्यांच्या घरी आली तेव्हा काडी होती. मग अंगाला मांस धरत गेलं आणि धरतच गेलं. मूल मात्र होईना. अंगावर मेद चढला की कूस धरत नाही, असं वैद्य बोलून गेले आणि सासूबाईंना आयतं कोलीत मिळालं. दुसऱ्या लग्नाचा विषय त्या आताशा वासंतीच्या देखतच काढत. वासंतीला एवढी एकच धास्ती होती. सवत आली की आपण या घरात पाणी भरायला आणि भांडी घासायला उरणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

त्यात चैत्रात सोनाराकडे शोभा झाली. आईने लग्नात घातलेल्या पाटल्या पाडव्याला उजळून घ्याव्यात म्हणून चिंतामणी तिला आत्माराम सोनाराच्या दुकानी घेऊन गेला. तेल झालं, साबण झाला, पाटल्या जागच्या हलेनात. "कापाव्या लागतील," आत्माराम म्हणाला. बाकावरची दोन गिऱ्हाइकं तोंड फिरवून हसली. वासंतीला रडू फुटलं. हातातली पाटली कापायची ती कुंकू पुसल्यावर, असं तिच्या माहेरी मानत.

"राहू दे, कापायचं नावही नको," चिंतामणी म्हणाला आणि तिला घरी घेऊन आला. वाटेत एका शब्दाने रागावला नाही. कचेरीतला कारकून माणूस, पण महिन्याभरात त्याने मुंबईहून आहारावरचं पुस्तक मागवलं. असा नवरा मिळायला भाग्य लागतं, असं वासंतीला वाटलं. कुणालाही वाटलं असतं.

गावात भाताची नवी गिरण आली होती आणि घरोघरी पांढराशुभ्र भात शिजत होता. दामल्यांकडे मात्र वासंतीपुरता हातसडीचा तांदूळ सुरू झाला. सकाळी त्याचीच पेज, दुपारी नाचणीची भाकरी आणि कुळथाचं पिठलं, रात्री शेवग्याच्या पाल्याची भाजी आणि ताक. भात सडायचा तोही तिनेच. घरकामाला येणारी गोदा भिंतीला टेकून बघत राही.

"वैनीनू, आमी ही भाकर गरिबीपायी खाताव. तुमी काय हौसेपायी?"

"औषध आहे गो ते."

"मंग आमी कंदी आजारी पडू नये," गोदा म्हणाली आणि दोघी हसल्या.

दर शनिवारी चिंतामणी कचेरीतून आला की पाय धुऊन माजघरात बसे आणि तिचा हात हातात घेई. नाडी बघायला. पाटली जरा वर सारून बघायची, अंगठा टेकायचा, डोळे मिटायचे. आठ वर्षांत त्याने उजेडी कधी तिचा हात धरला नव्हता. त्या घटकेसाठी वासंतीने आठवडाभर उपाशी राहायचीही तयारी ठेवली असती. एकदोनदा राहिलीही.

"सुधारतेय नाडी," तो म्हणे. "अजून थोडं."

गणपतीत मोदक झाले. तिने एकवीस वळले आणि एकही खाल्ला नाही. दसऱ्याला चोळ्या सैल झाल्या. दिवाळीत तर तिच्या चुलतनणंदेने तिला मागून ओळखलंच नाही. सासूबाईंची जीभही गोड झाली. "जेव हो पोटभर," असं त्या चक्क म्हणू लागल्या.

कार्तिकातल्या एका शनिवारी चिंतामणीने पाटली वर सारली ती कोपराकडे सरकली. त्याने थोडं तेल लावलं आणि दोन्ही पाटल्या अलगद उतरवल्या. वासंती लाजून हसली.

"उजळून आणतो," तो म्हणाला. "तोवर काचेच्याच असू देत. हात काय सुरेख दिसतो बघ."

मार्गशीर्षात तो कचेरीच्या कामाला मालगुंडला गेला. तिकडून गणपतीपुळं जवळ, तेव्हा देवदर्शन होईल म्हणून सासूबाईही बरोबर गेल्या. दोघं परत यायच्या आत पाटल्या हातात घालून त्याला चकित करावं, असं वासंतीच्या मनाने घेतलं. ती आत्मारामच्या दुकानी गेली.

नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं? ती म्हणाली, "दामल्यांच्या घरून आल्ये. पाटल्या झाल्या का?"

आत्मारामने चष्म्यावरून पाहिलं. "चिंतामणरावांच्या बहीण वाटतं तुम्ही? बसा."

याच माणसाने चैत्रात अर्धा तास तिच्या मनगटाशी झटापट केली होती! वासंतीला हसू आवरेना. सात महिन्यांच्या पेजेचं सार्थक झालं. तिने मुद्दामच खरं सांगितलं नाही, नुसती मान हलवली आणि बाकावर, ती दोन गिऱ्हाइकं बसली होती तिथेच, बसली.

आत्मारामने पाटल्या लाल कागदातून काढून तिच्यापुढे ठेवल्या. त्या लखलखत होत्या. तिने एक हातात घातली, ती घसरून थेट कोपरापाशी गेली.

"अगो बाई, या एवढ्या मोठ्या कशा झाल्या?"

"तुमच्या हाताला मोठ्या होणारच," आत्माराम म्हणाला. "मालगुंडची नवी वहिनी तुमची अंगाने चांगली भरलेली आहे, जुन्या मापाच्या तिच्या हातात शिरायच्या नाहीत, म्हणून चिंतामणरावांनी तोळाभर घालून वाढवून घेतल्यात."