आमच्याकडे तसं होत नाही

बिरवाडीच्या भाड्याच्या खोलीत बसून श्रुतिका एका फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या बिघाडांच्या तक्रारी तपासायची. जगभरची माणसं हे काम हौसेने करत, तशी तीही. तक्रार आली की तोच प्रोग्रॅम आपल्या कॉम्प्युटरवर चालवून बघायचा. बिघाड दिसला तर पुढे कळवायचं, नाही दिसला तर ‘आमच्याकडे तसं होत नाही’ लिहून तक्रार बंद करायची. कालच तिने एकाची बंद केली होती. “माझ्याकडे रोज होतं हो,” असं त्याने परत लिहिलं, तरीही.

आज पोलादपूरहून आई आली. लेकीने फोनवर सांगितलेलं स्वतःच्या डोळ्यांनी बघायला. जावयाने तिला पंख्याखाली बसवलं, चहा स्वतः केला, राहायचा आग्रह केला.

निघताना आई जिन्यात हळूच म्हणाली, “सकाळधरनं बघतेय गो. तू सांगतेस तसा हात उचलताना नाय दिसला. आमच्यासमोर तर तसं काय होत नाय.”

रिक्षा वळेपर्यंत तो हात हलवत उभा होता. मग आत येऊन त्याने दाराला कडी लावली.