वरच्या उतारावरचे चिलगोजे

वनरक्षक जियालाल नेगीने किन्नौरचा तो डोंगर तीन दिवस पायाखाली घातला. शंकूंतून खायच्या बिया देणाऱ्या चिलगोजा पाइनची सगळी झाडं म्हातारी होती. नवं रोप एकही नव्हतं.

गावच्या बैठकीत तो कळवळून म्हणाला, "हे झाड वाटेल तिथे उगवत नाही. आपल्या कोरड्या दऱ्यांतून गेलं की गेलंच. यंदा वरच्या उतारावरचे शंकू झाडावरच राहू द्या, बिया पडून नवी रोपं येतील." सगळ्यांनी देवतेच्या पालखीपुढे शपथ घेतली.

शपथेनंतर पाचव्या दिवशी तो जंगलातल्या फेरीवरून घरी आला, तर अंगणात हिरव्या शंकूंचा ढीग पडलेला आणि बायको, छेरिंग, ते सुरीने फोडत बसलेली.

"वरच्या उतारावरचे?"

"पहाटे शेजारीण वर चढताना दिसली. आपण सोडून द्यायचे आणि सगळे तिने न्यायचे का?"

जियालाल तसाच धावत वर गेला. शेजारीण एका झाडाच्या बुंध्याशी बसली होती. तिचे हात रिकामे होते.

"भाऊजी, मी राखणीला आले होते," ती म्हणाली. "आधी छेरिंगने हात घातला, मग अख्खं गाव तुटून पडलं. मी एकटी कुणाकुणाला अडवणार?"

जियालालने वर पाहिलं. शेंड्यापर्यंत एकही शंकू उरला नव्हता.