दोन इंच खाली

"बाबा, उतरा."

हा तिसरा स्पीडब्रेकर. बाबा पोटावर हात धरून उतरले. ऑपरेशनला आज पाचवा दिवस, टाके ओले. चालणं नको, वाकणं तर मुळीच नको, असं डॉक्टरांनी निघताना बजावलं होतं. पण लेकाने हौसेने गाडी दोन इंच खाली करून घेतलेली, वर डिकीत हा एवढा मोठा स्पीकर. मागे माणूस बसलं की स्पीडब्रेकरवर गाडीचा तळ घासायचा आणि साहेबांच्या काळजात चर्र व्हायचं. बापाच्या टाक्यांनी मात्र होत नव्हतं.

"फार दुखतंय का हो?" सुनेने खिडकीतून विचारलं.

"छे, छे!" बाबा म्हणाले. खोटं बोलत होते. घामाने सदरा भिजला होता.

गाडी पलीकडे जाऊन थांबली. बाबा काठी टेकत मागोमाग पोचले. दार उघडून काठी आणि औषधांची पिशवी आधी सीटवर ठेवली. मोबाइलही त्या पिशवीतच. मग आत शिरायला गेले, तर उजवा पाय उचलेचना. टाके त्याच बाजूचे. पलीकडच्या दाराने डावा पाय आधी टाकता येईल, म्हणून त्यांनी हे दार लावलं.

दार लागल्याचा आवाज लेकाने ऐकला. झालं, गाडी सुटली.

"अरे, थांब!" बाबांनी हाक मारली, पण पोटातून जोरच लावता येईना. आत गाणी दणदणत होती.

बाबा घाबरले नाहीत. पुढचा स्पीडब्रेकर इथूनच दिसत होता. मला उतरवायला तरी थांबेलच की, असं म्हणून ते भर उन्हात, काठीशिवाय, रस्त्याच्या कडेला उभे राहिले.

स्पीडब्रेकर आला तशी लेकाने गाडी हळू केली.

"आता पुरे," सून म्हणाली. "किती वेळा उतरवशील त्यांना? घाल तशीच."

"घासेल ना!"

"घासू दे. माणूस आहे की पोतं?"

लेकाने दात आवळून गाडी घातली. पुढची चाकं गेली, मागची गेली. जरासुद्धा आवाज नाही. त्याचा चेहरा एकदम खुलला.

"बघा बाबा," समोरच्या रस्त्यावरची नजर न काढता तो म्हणाला, "उगाच उतरवत होतो तुम्हाला."