आवाजाच्या आधी

संचारबंदी दुपारपुरती उठली, तशी गंगुबाई सरोजिनीच्या दाराशी आली. लालबागच्या त्या चाळीत दोघींच्या खोल्या भिंतीला भिंत लागून. गंगुबाईचा मुलगा दौलत संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात गोळी लागून गेला, आणि तेव्हापासून ती कुणाशी चकार शब्द बोलली नव्हती.

सरोजिनी हिशेबाच्या यंत्राचा दांडा फिरवत बसली होती. माटुंग्याच्या प्रयोगशाळेतलं तिचं काम बंदीमुळे घरी आलं होतं. आवाजाहून वेगानं जाणाऱ्या टोकदार वस्तूला हवा किती अडवते, ते काढायचं.

"सरू, तू गोळयेचा गणित करतंस ना गो?"

"गोळीचंच असं नाही, काकी. पण..."

"मग माका एक सांग. दौलतान आवाज ऐकलो असात? घाबारलो असात तो?"

'नाही' हा शब्द सरोजिनीच्या ओठांवर आलाच होता.

"उगाच माका बरा वाटाचा म्हणान सांगू नको. गणित कर."

सरोजिनीनं कोरा कागद ओढला. बंदुका नाक्यावर होत्या, दौलत पिंपळाखाली. मधला रस्ता तिच्या रोजच्या पायाखालचा. गोळी सुटते तेव्हा आवाजाच्या कितीतरी पुढे असते. समोरच्या हवेला तिची चाहूलच लागत नाही. बाजूला सरायला सवड न मिळालेली हवा तिथल्या तिथे चेपते आणि गोळीला मागे ओढू लागते. ती ओढ पुरेशी असेल, तर वाटेत आवाज गोळीला गाठतो.

थोडं अंतर, हवेची ओढ, उरलेला वेग. पुन्हा थोडं अंतर. उत्तर 'नाही' यावं असं तिला वाटत होतं; ते वाटणं आकड्यांत शिरलं नसेल ना, म्हणून तिनं सगळं दुसऱ्यांदा केलं. गंगुबाई उंबऱ्यात बसून यंत्राची खटखट ऐकत होती.

पिंपळाशी गोळी अजून पुढेच होती.

"नाही काकी," सरोजिनी म्हणाली. "आधी गोळी पोचली. आवाज मागाहून. त्यानं काही ऐकलं नाही. त्याला कळलंसुद्धा नाही."

आता ही रडेल, असं तिला वाटलं. गंगुबाईनं नुसती मान हलवली, कधीची अडलेली गोष्ट उलगडावी तशी.

"तरीच," ती म्हणाली. "तरीच रोज येता. हातपाय धुता, पाटार बसता, 'आये, वाढ' म्हणता. तेका अजून कळलाच नाय."

सरोजिनीचा हात दांड्यावरच राहिला.

"माझ्यान काय सांगूक होवचा नाय. तू शिकलेली. तूच सांग तेका." गंगुबाई उठली, पदर आवरून दाराच्या एका अंगाला झाली आणि रिकाम्या गॅलरीकडे बघून हळूच म्हणाली,

"ये रे बाबा. आत ये. सरू काय सांगता ता ऐक."