काळ्या पोशाखाचं माप

"हात जरा वर घ्या," ऑर्तांस म्हणाली.

परगावाहून आलेल्या त्या तरुण बाईने हात वर केले. ऑर्तांसने कंबरेचं माप घेतलं.

"जेवण सुटलंय वाटतं?"

"घशाखाली उतरत नाही."

"मालक कधी गेले?"

"मंगळवारी. छातीचं दुखणं होतं. पॅरिसला आणलंय त्यांना. उद्या सकाळी पुरायचं."

"संध्याकाळी पोशाख देते. दुखवट्याच्या गिऱ्हाइकाला मी ताटकळत ठेवत नाही."

बाईची नजर टेबलावरच्या अर्धवट शिवलेल्या गुलाबी रेशमावर गेली.

"हा कुणाचा?"

"आमच्या बाईंचा!" टाके घालणारी झेली खिदळली. "चाळिशी उलटली आणि आता गुलाबी!"

"झेली, तोंड कमी चालव, सुई जास्त."

पण ऑर्तांस रागावली नव्हती. सहा वर्षांपूर्वी तिचा नवरा एव्हारिस्त कामासाठी लिऑनला गेला होता. तो बायकांच्या पोशाखांची चित्रं काढी. फॅशनच्या मासिकात दर महिन्याला त्याचं चित्र येई. ती आधी कोपऱ्यातली सही बघे, मग बाह्या. या महिन्यात चित्र आलंच नाही. काम सोडून तो घरी निघाला, असा अर्थ तिने लावला आणि स्वतःसाठी रेशीम कापलं.

भिंतीवर त्याचीच चित्रं टाचलेली होती.

"यातला कुठला घाट हवा?" तिने विचारलं.

बाई चित्रांपाशी बराच वेळ उभी राहिली. "चित्रातला नको. त्या बायकांना श्वास घ्यावा लागत नाही."

"अगदी खरं! त्यांची कंबर गांधीलमाशीलासुद्धा व्हायची नाही."

बाई हसता हसता रडू लागली. ऑर्तांस घेराची उंची घ्यायला गुडघ्यांवर बसली होती. तिने तोंडातल्या टाचण्या काढून ठेवल्या.

"रडा, मोकळ्या व्हा. लेकरं आहेत?"

"एक मुलगी. तिला त्यांचाच हात आलाय. दिवसभर रेघोट्या ओढते."

"मग तिच्याकडे बघून दिवस काढायचे."

बाई खाली तिच्याजवळ बसली. तिने ऑर्तांसचा हात धरला.

"मघापासून सांगायला धीर होत नव्हता. आमचं लग्न तुम्हाला पसंत नाही, असं ते म्हणायचे. तुमची पत्रंही मला कधी वाचू दिली नाहीत. पण आता राग सोडा, वन्सं. एव्हारिस्तच्या माघारी आम्हाला तुमच्याशिवाय कोण आहे? आणि तुमचंही काळं आजच बेता. मला वर्षभर घालायचंय, तुम्हाला सहाच महिने. बहिणीला तेवढंच असतं."